गिरजामायचे पंजे

माणूस समोर आला की गिरजामाय आधी त्याचं तोंड बघत नसे, हात बघे. गाव कोणतं, कुणाचा कोण, कशाला आलास, हे सगळं नंतर. आधी ती समोरच्याचा पंजा आपल्या तळव्यावर घेई, उलटा करी, सुलटा करी, अंगठ्याखालचा मांसल भाग दाबून पाही आणि मग हातावरूनच माणूस ओळखे. "हा मोटेचा हात." "हा तराजूचा, याच्यापासून जपून." माझा हात पहिल्यांदा तिच्या हातात गेला तेव्हा ती खुदकन हसली आणि म्हणाली, "हा पोथीचा हात हाय बाप्पा. पोथीले काटे नसते."

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. आता पासष्टी उलटली आहे. मधल्या काळात गिरजामायविषयी मी कुणाशी बोललो नाही, आणि त्याला कारण होतं. ते कारण या लेखात पुढे येईलच. पण आधी ती कशी होती ते सांगायला हवं, कारण ज्यांनी तिला पाहिलं त्यांतलं आता जवळपास कुणी उरलेलं नाही.

अमरावतीच्या पूर्वेला, ओढ्याच्या काठी तिचा फुलांचा मळा होता. दीड-दोन बिघ्यांचाच, पण त्यात झेंडू, शेवंती, मोगरा आणि गावठी गुलाबाचे चार लांब वाफे. सासऱ्याच्या वेळेपासून देवीच्या देवळात नवरात्राची पहिली माळ या मळ्यातल्या फुलांची जाई. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नव्हतं, आणि ती माळ हाच तिचा संसार होता. अंगाने ती काटक, रंगाने काळीसावळी, बोलणं सरळ तोंडावर. आणि उजव्या हाताची तर्जनी एका पेराने कमी. गुलाबाचा काटा रुतून बोट पिकलं, वैदूने वरचं पेर कापून टाकलं तेव्हा हात वाचला. त्या दिवसापासून ती पंजे शिवू लागली. हातमोजे हा शब्द तिने कधी वापरला नाही. ती पंजेच म्हणे.

मी तेव्हा कँपात एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर बागेचा कारकून होतो. वडील देवीच्या देवळात पुजारी, आणि मी चार अक्षरं इंग्रजी शिकून ही नोकरी मिळवलेली. मडमेला गुलाबांचा नाद. तिच्या हाताखाली बारा माळी होते आणि बाराही जणांचे हात कोपरापर्यंत ओरबाडलेले. मडमेने मला हातमोजे मागवायला सांगितले. मी मुंबईला लिहून एक खोकं आणवलं. माप विचारलं तेव्हा मी माझा स्वतःचा हात कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ ओढली आणि तो कागद पाठवून दिला. माणसाचा हात तो माणसाचा हात, त्यात वेगळं काय असणार, असं मला वाटलं.

खोकं आलं. आठ दिवसांत बारापैकी एकाच्याही हातात मोजा दिसेना. एकाने त्यात तंबाखू भरून कमरेला लटकवला होता. एकाने चूल फुंकताना तवा धरायला घेतला. म्हातारा मुकादम मला म्हणाला, "भाऊ, हे घालून खुरपं धरलं तं खुरपं कुठी हाय तेच समजत नाही. पाहुण्याच्या घरी जेवाले बसल्यावाणी वाटते." सगळे हसले. मी चिडलो. तेव्हा त्यानेच सांगितलं, "ओढ्याकाठच्या गिरजामायकडे जा. ते हात पाहून शिवते."

गेलो तेव्हा सकाळ होती. तिने माझा हात पाहिला, पोथीचा म्हणून हसली, आणि बारा माळ्यांची मापं द्यायला मी खिशातून कागद काढला तेव्हा तिने तो हातातही घेतला नाही.

"कागदाचे पंजे शिवाचे हाय का माणसाचे?"

"मग माणसांना घेऊन येतो. आत्ताच बोलावू?"

"आता नाही. दिवस बुडाच्या वक्ताले आण. सकायचा हात खोटं बोलते बापू. रातभर निजून तो बारीक झाला असते. दिवसभर खुरपं चालवून, माती उपसून संध्याकायी जो फुगते तो खरा हात. त्याचं माप घ्याव."

संध्याकाळी बाराही जणांना घेऊन गेलो. तिने प्रत्येकाला ओट्यावर बसवलं आणि एकेका सुतळीने माप घेतलं. अंगठा सोडून तळव्याभोवती एक वेढा, तिथे गाठ. मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंत, तिथे गाठ. मग एकेका बोटाची गाठ. लिहिणं तिला येत नव्हतं, पण त्या सुतळ्या भिंतीतल्या खुंट्यांवर टांगल्या की कुठली कुणाची हे ती डोळे मिटून सांगे. "हे गाठीगाठीची कोणाची, पाह्य. म्हाताऱ्याची. बोटाचे सांधे सुजले त्याचे."

चामडं ती वापरी ते जुन्या मोटेचं. त्या वर्षांत मोटा वाटेल तितक्या मिळत. अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस बंद झाला होता आणि वऱ्हाडच्या कापसाला कुणी कधी ऐकला नव्हता असा भाव आला होता. ज्याच्या-त्याच्या डोक्यात सरकी. विहिरीवरचे भाजीचे, उसाचे, केळीचे मळे लोकांनी मोडले आणि काळ्या रानात कापूस पेरला. कापसाला पावसाचं पाणी पुरे, मग विहिरीवर मोट कशाला? ठिकठिकाणी मोटा विहिरीजवळच्या बैलांच्या धावेवर सुकत पडल्या होत्या. भातकुलीकडच्या एका शेतकऱ्याने बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं बसवली आणि बाजाराच्या दिवशी ती जोडी गावातून मुद्दाम दोनदा फिरवली. गिरजामाय मळ्याच्या कुंपणाशी उभी राहून त्याला म्हणाली, "बैलाले चांदी आन् बायकोले? तिच्या हाताले तं बोंडानं भेगा पडल्या. तिले घेऊन ये, पंजे शिवून देतो." तो म्हणाला, "मायबाई, तूही कापूस पेर. फुलं काय खाशील?" ती म्हणाली, "समदे अंगाले कापूस पेरून राहिले. एकीनं देवाले फुलं पेरले तं काय बिघडलं?"

मोटेची जी लांब सोंड असते, जिच्यातून पाणी विहिरीवरच्या थारोळ्यात, म्हणजे दगडी कुंडात पडतं, तिचं चामडं वर्षानुवर्षं भिजून मऊ झालेलं असतं. पंज्याला तेच घ्यायचं. आतून जुन्या लुगड्याचं अस्तर. मी म्हटलं, कापूस का नाही भरत? "कापूस आता राजा झाला. त्याले पंजात कोण कोंबते?"

पंजे तयार झाल्यावर तिने मला बसवून शिकवलं, कारण पुढच्या वेळी मी पुन्हा मुंबईला कागद पाठवीन अशी तिला धास्ती होती.

"घाल. आता मूठ मिट. तळव्यावर चामडं गोया झालं का? मंग मोठा हाय. पाठीवर ताणलं का? मंग लहान. आता बोटाच्या टोकाकडं पाह्य. टोकाशी ज्वारीचा एक दाणा मावाले पाह्यजे. दोन मावले तं ढिला, काम हातून निसटते. एकबी नाही मावला तं नख ठणकते. शिवण बाहेरून, आतून नाही, नाही तं दिवसभर तेच घासते. गुलाबाले मनगटाच्या वर चार बोटं लांब. खुरप्याले आखूड, नाही तं घाम कोंडते."

म्हाताऱ्या मुकादमाने पंजा घालून खुरपं उचललं, दोनदा माती खणली, आणि गिरजामायच्या पाया पडायला वाकला. ती मागे सरली. "ऊठ रे. माह्या बापाच्या वयाचा हायेस."

मडम खूश झाली. मापं कुणी घेतली विचारलं तेव्हा मी सांगितलं, मी घेतली. लहानसं खोटं. ते गिरजामायच्या कानावर गेलंच असणार, कारण बारा माळी काही मुके नव्हते. पण ती मला एवढंच म्हणाली, "तुहाबी हात मोजू दे. साहेबाच्या गुलाबातून हिंडते तू, आन् हात तं पोथीचा." आणि तिने माझ्या मापाची जोडी शिवून दिली. ती हातात घातली की आपल्या हातात काही आहे हे विसरून जावं इतकी ती बेताची बसे. तसं काही मी पुढे आयुष्यात अंगावर घातलं नाही.

गावात कुरकुर होतीच. माळ्याची बाई, देवीची फुलं देणारी, आणि चामड्याला हात लावते. गिरजामायचं उत्तर ठरलेलं. "मोटेच्या पाण्यावरची वांगी खाता तं चालते. तेच चामडं माह्या हाताले लागलं तं बाटलं?" पण तिचा स्वतःचा एक नियम होता आणि तो तिने कधी मोडला नाही. छाटणीला, खुरपणीला, खताला पंजा. फुलाला उघडा हात. फुलं तोडायच्या आधी ती पंजे कुंपणाच्या मेढीवर टांगी, ओढ्यावर हात धुई, आणि मगच वाफ्यात शिरे. "काटा लागला तं लागला. देवाले देताना हात झाकून द्याचं नसते."

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो तिथे येतो.

त्या वर्षी नवरात्रात कापसाची वेचणी लवकर लागली. एरवी फुलं तोडायला येणाऱ्या सगळ्या बाया कापसाच्या शेतांवर गेल्या, कारण तिथे एका दिवसात जे मिळे ते मळ्यात आठवड्यात मिळत नसे. अष्टमीच्या दिवशी फुलं हवीत टोपल्यांनी आणि तोडायला गिरजामाय एकटी. तिने देवळात निरोप पाठवला. वडिलांनी मला सांगितलं, "दिगंबर, तू जा. आंघोळ करून जा, सोवळ्याने तोड."

उजाडताच गेलो. गिरजामायने मळ्याचे दोन भाग केले. ती शेवंतीकडे, मी गुलाबाकडे. माझे पंजे कमरेला खोचलेले होते. मडमेच्या बागेत जाण्याच्या सवयीने घरून निघताना ते आपोआप खोचले गेले होते. तिने ते पाहिले.

"बापू, ते मेढीवर टांग."

"टांगतो, माय."

ती शेवंतीच्या वाफ्यात वाकली आणि मी टांगले नाहीत. दहा-पंधरा फुलं उघड्या हाताने तोडली. दोन काटे मोडून बोटात राहिले. गावठी गुलाबाचा काटा आकड्यासारखा वाकडा असतो, निघताना कातडं घेऊन निघतो. मला पुढच्या महिन्यात लग्नाचं बोलणं करायला अकोल्याला जायचं होतं. ओरबाडलेले हात घेऊन कसा जाऊ, असं काहीतरी मनात आलं. शेवंतीच्या ओळीपलीकडे तिची फक्त पाठ दिसत होती. मी पंजे घातले. मग काम भराभर झालं. टोपली भरत आली आणि तिने हाक मारली, "झालं का रे?" मी गडबडीने पंजे ओढून काढले. डावा कमरेला खोचला. उजवाही खोचला असं मला वाटलं.

तो टोपलीत पडला होता, फुलांच्या खाली. वर मी आणखी दोन ओंजळी टाकल्या.

देवळात माळा गुंफल्या गेल्या. त्या दिवसाची पहिली माळ देवीच्या गळ्यात पडली. पुढच्या माळेसाठी टोपली उपडी केली तेव्हा पाटावर तो पंजा पडला. सभामंडपातली माणसं मागे सरली. मोठे पुजारी काशिनाथशास्त्री उभे राहिले. कुणी पाट ओढून घेतला, कुणी काठी आणली आणि काठीच्या टोकाने ढकलत ढकलत तो पंजा पायऱ्यांवरून खाली अंगणात नेला. फुलं सगळी ओढ्यात टाकली. देवीला पुन्हा स्नान. आणि गिरजामायला बोलावणं गेलं.

ती पायरीखाली येऊन उभी राहिली. पंजा तिच्या पायांपुढे पडला होता. तिने वाकून पाहिलं. मी वर खांबाशी होतो. मला तिथूनही दिसत होतं की त्या पंज्याची पाचही बोटं पूर्ण होती. गिरजामायच्या पंज्याची तर्जनी अर्धी असे, तिच्या बोटासारखीच. तो पंजा तिच्या हाताचा असूच शकत नव्हता. कुणी तो हातात घेऊन तिच्या हाताशी नुसता धरला असता तर दुसऱ्या क्षणी प्रकरण मिटलं असतं.

"हा तुझा?" शास्त्रींनी विचारलं.

"शिवला मी."

"म्हणजे कबूल."

"शिवला ते कबूल. घातला कोणं, ते ज्यानं घातला त्याचा हात पाहून समजते. उचला आन् पाहा कोणाच्या हाताले बसते ते."

"चामड्याला हात कोण लावणार? आणि तेही अष्टमीला?"

"मंग झालं," ती म्हणाली.

चामड्याला शिवायचं नाही म्हणून चामड्याने कोण बाटलं ते कुणी पाहायचं नाही, असा तो न्याय होता. शास्त्री वाईट मनुष्य नव्हते. त्यांनी तिच्या सुटकेची आणखी एक वाट शोधून पाहिली. माझ्याकडे वळून म्हणाले, "दिगंबर, तूही होतास मळ्यात. ही गुलाबाची टोपली. गुलाबाकडे कोण होतं?"

वडील माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. मुलगा खरं तेच सांगणार याची खात्री होती. तीच मला सोसवली नाही. खरं बोललो असतो तर प्रायश्चित्त, वडिलांची पूजा बंद, अकोल्याचं लग्न मोडलं असतं. हे सगळं मी तेव्हा विचारात घेतलं असं आज म्हणतो, पण तसं नाही. तोंडातून शब्द आधी गेले आणि कारणं नंतर जमवली.

मी म्हणालो, "मी शेवंतीकडे होतो. गुलाबाकडे गिरजाबाई होती."

नेहमी मी तिला माय म्हणे. त्या दिवशी पहिल्यांदा गिरजाबाई म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. माप घेताना ती हाताकडे पाहायची तसं, डोळे बारीक करून. मग देवीकडे तोंड करून तिने हात जोडले. नऊ बोटं पूर्ण आणि एक अर्धं, सगळ्या सभामंडपासमोर. ते बोट कसं गेलं ते त्या मंडपातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एकालाही त्या क्षणी आठवलं नाही.

देवीला माळ देण्याचा मान तिच्याकडून काढून घेतला गेला. ती दिवसभर पायरीखाली बसून होती. लोक येत-जात होते, तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. तिन्हीसांजेला दिवे लागले तेव्हा ती उठली आणि गेली. मी घरी होतो. मला हे दुसऱ्याने सांगितलं.

महिन्याभरात तिने मळा सोडला. फुलझाडं उपटून तिथे कुणी कापूस पेरला. माझं लग्न झालं.

चार-पाच वर्षांनी मला अकोल्याच्या कचेरीत नोकरी लागली. तोवर अमेरिकेची लढाई थांबली होती, कापसाचा भाव कोसळला होता, शिंगांवरची चांदी उतरली होती. एका संध्याकाळी मोर्णा नदीच्या काठाने चाललो असताना एका झोपडीपुढे वेचणीच्या बायांची रांग बसलेली दिसली. तेल्हाऱ्याकडून आलेल्या होत्या. आत कुणीतरी म्हणत होतं, "तुमाले टोकं उघडी पाह्यजे. कापूस बोटाच्या टोकानं येते, पंजानं नाही. म्हून पाठ झाकाची, नखाच्या कडा झाकाच्या, टोक मोकयं."

माझे पाय तिथेच थांबले. रांग सरली. मी आत गेलो आणि काहीच सुचेना म्हणून हात पुढे केला. म्हातारीने मान वर न करता तो घेतला. उलटा केला, सुलटा केला, अंगठ्याखाली दाबून पाहिलं.

"पोथीचा हात," ती म्हणाली, आणि मग वर पाहिलं.

 तिनेच विचारलं, "बायको बरी हाय?"

"बरी आहे."

"बस मंग. उभा काऊन हायेस?"

मी बसलो. जे बोलायचं होतं ते बोलायला लागलो. तिने हातानेच थांबवलं. मी विचारलं, "माय, तू तेव्हा का बोलली नाहीस? तुझं बोट दाखवलं असतंस तरी पुरे होतं."

"दाखवलं नाही का? हात जोडले तं तवा काय मुठी झाकल्या होत्या?" ती जराशी हसली. मग सुतळीची गाठ सोडत म्हणाली, "आन् तुहं नाव मी काऊन घेऊ? तू येशील म्हून बसली होती. म्हटलं, सकायचा हात हाय, खोटं बोलून राहिला. संध्याकायपावत खरं माप येईल. दिवे लागेपावत बसली."

 तिच्या मागच्या भिंतीवर खुंट्या होत्या आणि खुंट्यांवर सुतळ्या. एकीकडे तिने बोट केलं, अर्ध्या बोटाने. "ते तुही."

"माय, मला माफ कर."

"मले सांगून काय करतं बापू? मले तं माहीतच हाय. ज्याइले माहीत नाही त्याइले सांग." आणि मग, जणू दुसरंच काही बोलत असल्यासारखं, "डावा हाय का तुह्यापाशी?"

"आहे."

"फेकू नको. दर वर्साले एरंडीचं तेल लाव. चामडं एकडाव कडक झालं का मंग हात जात नाही त्यात."

मी पुन्हा दोन-तीनदा गेलो. ती पुन्हा तो विषय बोलली नाही. माझ्या बायकोसाठी तिने तुळशीच्या वृंदावनात माती घालायला कापडी पंजे शिवून दिले. चामड्याचे नकोत, तुझ्या घरी चालायचे नाहीत, म्हणाली. पुढे माझी बदली झाली. एका पावसाळ्यानंतर मी अकोल्याला गेलो तेव्हा झोपडीत दुसरं कुणी राहत होतं. गिरजामाय वैशाखात गेली, असं त्या बाईने सांगितलं. खुंट्या रिकाम्या होत्या.

ज्यांना माहीत नव्हतं त्यांना मी सांगितलं नाही. आधी वडील होते. ते गेले तेव्हा मुलं लहान होती. मुलं मोठी झाली तेव्हा त्यांची लग्नं व्हायची होती. प्रत्येक नवरात्रात अष्टमीला मी पेटीच्या तळातून डावा पंजा काढी आणि एरंडीचं तेल लावी. बायकोला सांगितलं होतं, साहेबाच्या बागेची आठवण आहे. बायको गेल्या वर्षी वारली, तेच खरं धरून.

गेल्या अष्टमीला मी तो पंजा घेऊन अमरावतीला देवीच्या देवळात गेलो. वर चढलो नाही. ती उभी होती तिथेच, पायरीखाली, उभा राहिलो आणि पुजाऱ्यांना खाली बोलावलं. आता काशिनाथशास्त्रींचा नातू पूजा करतो. त्याच्याबरोबर आणखी चार-पाच मंडळी आली. मी सगळं सांगितलं आणि त्यांच्यासमोर पंजा घातला. हात सुकला आहे, बोटं वाकली आहेत, पण तो अजूनही गेला. मूठ मिटून दाखवली. टोकाशी ज्वारीच्या दाण्याएवढी जागा होती.

मंडळींनी ऐकून घेतलं. नातू भला माणूस आहे. तो म्हणाला, "आजोबा, फार जुनी गोष्ट झाली. उन्हात उभे राहू नका, वर सावलीत या, प्रसाद घ्या." बाकीचे माना डोलावत होते. त्यांतल्या एकाने, अगदी सहज, विचारलं, "पण ही गिरजाबाई कोण?"

मला तिथे उत्तर देता आलं नाही. मी इतकी वर्षं माझ्या गुन्ह्याची कबुली तयार करत होतो, आणि जिच्याविषयी ती होती तीच तोवर पुसली गेली होती. पंजा काढून मी परत आलो आणि लिहायला बसलो. म्हणून हे लिहिलं आहे.

ती ओढ्याकाठच्या मळ्यातली माळीण होती. देवीची पहिली माळ तिच्या फुलांची असे. देवाला देताना ती हात झाकत नसे. आणि त्या अष्टमीला गुलाबाकडे मी होतो. गिरजामाय शेवंतीकडे होती.